दिलेल्या लेकींची नावं

वेणूआत्याला वाचता येत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता गावात जो तो म्हणतो, अडाणी बाई, कुठंही सही करून बसली. अडाणी नव्हती ती. चौथीपर्यंत शिकली होती आणि अक्षर लावून लावून का होईना, समोरचा कागद वाचायची. त्या दिवशी माझ्या टेबलावरचे कागदही तिनं वाचले, वाचून खूश झाली आणि मगच सही केली. सगळी भानगड तिथंच झाली.

मी कमलाकर. पनवेलला तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. तीस वर्षं झाली, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतांचे मसुदे लिहितोय. आधी हातानं लिहायचो, मग टाइपरायटर आला, आता कॉम्प्युटर आहे आणि एक प्रिंटर, जो निम्मा वेळ कागद चावत बसतो. तालुक्याच्या निम्म्या जमिनी माझ्या टेबलावरून गेल्या असं मी पूर्वी चहा पिता पिता गमतीनं सांगायचो. हल्ली सांगत नाही.

आत्याचं गाव कोन गावाच्या पुढे, आतल्या अंगाला. नाव सांगत नाही. सांगितलं तर सगळे माझ्याशी भांडायला येतील, आणि शेती गेल्यापासून त्यांच्याकडे भांडायला वेळच वेळ आहे. गाव आगऱ्यांचं. वेणूआत्या, सगळ्या गावाचीच आत्या, तिथली धवलारीण. लग्नात भटजी यायच्या आधी हळदीचे, मांडवाचे विधी हीच बाई करते, आणि विधी म्हणजे गाणं. ती गात नाही तोवर हळद कुटायला कुणी मुसळ उचलत नाही. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला तेव्हा ती माहेरी परत आली, मूलबाळ नव्हतं, आणि आईच्या मागे बसून धवले, म्हणजे ही विधीची गाणी, शिकली. चाळीस वर्षांत त्या गावातलं एक लग्न तिच्याशिवाय लागलं नव्हतं. तिच्या घरात पंखा नव्हता, पण पहिली अक्षत तिच्या हातून पडायची, आणि या एका गोष्टीचा तिला असा ताठा होता की सरपंचालासुद्धा ती मांडवात बाजूला हो म्हणायची.

देवांना, पितरांना मांडवात बोलवायचं ही रीत सगळीकडेच आहे. आत्याच्या गाण्यात आणखी एक कडवं होतं, तिच्या आजीपासून आलेलं. त्यात घरातून लग्न होऊन गेलेल्या लेकींना नावानं बोलवायचं, गावासकट. जिवंत असेल तिला वेगळ्या ओळीत, गेलेली असेल तिला वेगळ्या ओळीत. 'ये गो बाय ये, मांडवाच्या दारी, चिरनेरची रेवा, हळदीला ये.' अशा चार-चार पिढ्यांच्या लेकी. प्रत्येक घराची यादी निराळी, आणि सगळ्या घरांच्या याद्या तिला पाठ. एकदा मी तिला विचारलं होतं, आत्या, चुकत नाही का कधी? तर म्हणाली, पोरीचं नाव चुकाला ती काय भाजी हाय?

आता गोदामांकडे येतो. बंदर तिकडे, एक्स्प्रेस वे इकडे, मध्ये सागरी पूल आला, वर विमानतळ आला, आणि आमच्या भाताच्या खाचरांना अचानक प्रॉस्पेक्ट नावाचा आजार झाला. शेडखाली रोज नवी माणसं यायला लागली. बोलणं सगळं गोदामाच्या छताच्या उंचीचं, कंटेनर वळण्याइतक्या रस्त्याचं आणि सलग पंचवीस एकराचं. सुटे तुकडे त्यांना नको असतात. सलग पाहिजे, रस्त्याला लागून पाहिजे, आणि कागद स्वच्छ पाहिजे. या तिन्हीपैकी कागदासाठी ते माझ्याकडे यायचे.

गाव मात्र त्या वेळी शहाणं निघालं. काशीराम म्हणून गावात एक म्हातारा आहे, पूर्वी मिठागरात मुकादम होता, त्यानं देवळात गावकी बसवली. आसपासच्या गावांनी जमीन विकून गाड्या घेतल्या आणि गाड्या जुन्या झाल्यावर तिथल्याच गोदामांच्या फाटकावर वॉचमन झाले, हे त्यानं पाहिलं होतं. ठरलं असं, की विकायची नाही. सगळ्यांनी मिळून एकत्र भाडेपट्ट्यानं द्यायची, सातबारा आपल्या नावावर राहील, भाडं नातवंडं खातील. नारळावर हात ठेवून शपथा झाल्या. त्या ठरावाचा कागदही मीच लिहिला होता, आणि लिहिताना मला बरं वाटलं होतं.

ठराव झाला त्या दिवशी दीपेश देवळात पुढेच बसला होता. दीपेश याच गावचा, आत्याच्या चुलतभावाचा मुलगा. लहानपणी आई गेली तेव्हापासून तो आत्याच्या चुलीपाशी वाढला. आता पांढरी मोठी गाडी, कार्डावर लँड अ‍ॅग्रिगेटर. शेजारची मोठी जागा घेऊन बसलेल्या एका कंपनीसाठी तो जमिनी जुळवायचा, पण गावाला त्यानं सांगितलं की आपल्या गावापुरता मी गावाबरोबर. लोकांनी विश्वास ठेवला. ठेवणारच, त्याच्या लग्नातही आत्या गायली होती.

पुढच्या उन्हाळ्यात तो आत्याकडे मोबाइल घेऊन बसायला लागला. तिला म्हणाला, आत्या, तुझ्यानंतर हे सगळं जाईल, आपण पुस्तक काढू. रोज एका घराचा धवला. ती गायची, हा रेकॉर्ड करायचा, मधूनच विचारायचा, ही कुणाची बहीण, हिला कुठं दिली, हिची मुलं किती. आत्या सांगायची. चाळीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिच्यासाठी तो येताना चिकू आणायचा, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला ते चिकू दाखवून पुस्तकाची बातमी सांगायची. गाण्यांची रेकॉर्डिंगं त्यानं सगळ्या घरांच्या मोबाइलवर पाठवूनही दिली. गाव त्याच्यावर खूश होतं.

मग एका सकाळी तो तिला गाडीत घालून माझ्या टेबलाशी घेऊन आला. आदल्या दिवशीच त्यानं मजकूर दिला होता आणि मी तो टाइप करून ठेवला होता. नऊ घरांच्या नऊ वंशावळी. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्याच्या मुली, मुलींची सासरची नावं, गावं, आणि खाली ओळ, 'मी सदर कुटुंबास चांगली ओळखते व वरील माहिती खरी व बरोबर आहे.' त्याखाली माहीतगार म्हणून वेणूची सही. साधे पांढरे कागद. नोटरीचे शिक्के नंतर बसणार होते.

मला माहीत होतं ते कशाचे कागद आहेत. मीच लिहिले होते, मला नाही तर कुणाला माहीत असणार? या गावात बहिणींची नावं सातबाऱ्यावर लावलेलीच नाहीत. बाप गेला की तलाठ्याकडे फक्त भावांची नावं द्यायची, बहिणीबद्दल कुणी विचारलं तर गप्प राहायचं, अशी पद्धत. पण कायद्यानं त्यांचा हिस्सा असतो. तो कुणी शोधून विकत घेतला तर घेणारा त्या जमिनीत भागीदार होतो, आणि सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय भाडेपट्टा होत नाही. म्हणजे गावाचा ठराव मोडायला गावातल्या कुणालाही विकत घ्यायची गरज नव्हती. फक्त लेकींची नावं हवी होती, आणि ती एकाच बाईच्या गळ्यात होती.

आत्यानं चष्मा लावला आणि एकेक कागद बोटानं वाचायला लागली. खालच्या ओळीपर्यंत ती पोचलीच नाही. वर नावं होती ना. मुलींची नावं, छापलेली, ओळीनं, भावांच्या शेजारी. तिनं उभ्या आयुष्यात तसं पाहिलं नव्हतं. हरखून गेली. मला म्हणाली, भाऊसाहेब, किती चांगलं लिवलंत तुमी. मी चहा मागवला. दुसरं काही केलं नाही मी, फक्त चहा मागवला.

काशीरामच्या घराच्या कागदावर ती थांबली. काशीरामला एकच बहीण, रेवा, आणि तिच्यापुढे दीपेशनं लिहून आणलं होतं, मयत, निःसंतान. गाण्यात नाव होतं, पण जिवंत आणि गेलेल्या लेकींच्या ओळींतला फरक त्याला कळला नव्हता, आणि ती पंचवीस वर्षांत गावात आलेली नव्हती, म्हणून त्याची तशी समजूत. म्हणजे काशीरामची जमीन, जी नेमकी मधोमध होती आणि रस्त्याला लागून होती, ती दीपेशच्या हाती लागणार नव्हती. बाकी आठ घरं फोडून उपयोग नव्हता. आत्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं आणि दीपेशला झापलं.

"रेवा जिती हाय. चिरनेरला हाय. दोन पोर हायत तिला. जित्या बाईला मेली लिवतंस?"

दीपेशनं माझ्याकडे पाहिलं. मी मयत, निःसंतान खोडलं, चिरनेर टाकलं, कागद पुन्हा छापला. प्रिंटरनं त्या दिवशी एकदाही कागद चावला नाही. आत्यानं नऊ सह्या केल्या, मोठ्या गोल अक्षरात, आणि जाताना पुस्तकाची एक प्रत मलाही द्यायचं कबूल केलं.

महिन्याभरात लेकी येऊ लागल्या. कुणी उरणहून, कुणी पेणहून, दीपेशच्याच गाडीतून. रेवाही आली. सत्तरीची, वाळलेली, हातात पिशवी. तिला अंजिरी रंगाची साडी आणि एक पाकीट दिलं होतं, माहेरचा मान म्हणून. त्या पाकिटात जे होतं ते तिच्या हिश्श्याच्या खऱ्या किमतीपुढे चहापाण्याइतकंच होतं. खरेदीखतावर सही करायच्या आधी तिनं मला विचारलं, माझं नाव यांना कुणी दिलं? मी सांगितलं, वेणूनं. तर ती रडायला लागली. म्हणाली, भावानं भाऊबीज सोडली त्याला जमाना झाला, वेणू अजून नाव घेते माझं? आणि सही केली. तिला फसवलं हे खरं, पण त्या दिवशी ती खूश होती हेही मी पाहिलं आहे.

मग गावात तलाठ्याच्या नोटिसा गेल्या. प्रत्येक सातबाऱ्यावर कंपनीचं नाव चढणार. पाठोपाठ वाटपाचे दावे. गाव ज्यांना जमीन भाड्यानं देणार होतं ते दुसऱ्या कंपनीचे लोक वादाची जमीन म्हणून निघून गेले. कोर्टाच्या खेपांना कंटाळून एकेकानं मिळेल त्या भावात आपापला हिस्सा विकला. ठरावाचा कागद कुठं गेला ते मलाही माहीत नाही. आता तिथं तीन गोदामं उभी आहेत, खिडकी नसलेली, गावच्या देवळापेक्षा चौपट उंच. संध्याकाळी चार वाजताच गावाच्या निम्म्या घरांवर त्यांची सावली येते.

नोटीस आल्यावर काशीराम माझ्याकडे आला होता. नकला काढल्या होत्या, वाचून दाखवा म्हणाला. मी त्याच्या घराची वंशावळ वाचली. रेवाचं नाव आलं तेव्हा तो हलला. शेवटी मी वाचलं, माहीतगार, वेणू, आणि सही. त्यानं कागद माझ्या हातातून घेऊन ती सही कितीतरी वेळ पाहिली. त्या वेळी मी एवढंच सांगायला हवं होतं, की काशीराम, तिला हे गाण्याचं पुस्तक वाटत होतं, मी समोर बसलो होतो. पण तसं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तू समोर होतास तर बोलला का नाहीस? म्हणून मी चष्मा पुसला. तो कागद घडी करून निघून गेला.

त्यानंतर आत्याला कुणी बोलावलं नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही, फक्त हळदीचं आवतण यायचं बंद झालं. त्यानंतर गावात निघालेल्या पहिल्या लग्नाच्या वेळी ती नऊवारी नेसून ओटीवर बसून राहिली होती म्हणे, न्यायला कुणीतरी येईल म्हणून. वाजंत्री सुरू झाली तेव्हा तिला कळलं. गाव बोलायचं, वेणूनं नावं विकली. दीपेशला मात्र कुणी टाकलं नाही. गोदामात भरतीची पोरं तोच लावतो, त्याला टाकून कसं चालेल? तो पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला गेला. आत्या एकदा ST नं त्याच्याकडे जाऊन आली. चल गावात आणि सांग लोकांना, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्यानं तिला सरबत दिलं आणि सांगितलं, आत्या, कागदात खोटं काही आहे का? तिनं विचार केला. खोटं काहीच नव्हतं. ती परत आली.

हे तिनं मला माझ्या टेबलाशी उभं राहून सांगितलं, बस लागायची होती तेवढ्या वेळात. माझ्यावर तिचा राग नव्हता. तिला वाटत होतं, मलाही दीपेशनं फसवलं.

या मार्चमध्ये काशीरामच्या नातीचं, निशाचं लग्न निघालं. पत्रिका द्यायला म्हातारा स्वतः आला. कागदापायी गाव बुडालं तरी कागद लिहिणाऱ्याशी कुणी वाकडं घेत नाही. मी ठरवून गेलो, आज सांगायचं. हळद सकाळी अकराला होती. काशीराम मांडवाच्या बाजूला खुर्चीत बसला होता. मी शेजारी बसलो आणि जे तेव्हा बोललो नाही ते सगळं बोललो. पुस्तक, चिकू, टेबल, चहा, सगळं. वेणूनं एक पैसा घेतला नाही हेही सांगितलं.

त्यानं मध्ये अडवलं नाही. मला वाटलं होतं तो मारायला उठेल. तो मांडवाकडे बघत म्हणाला, "मना म्हाईत हाय, भाऊसाहेब. दीपेशनंच सांगितलं मना, पैल्याच वर्षी."

मी म्हटलं, मग तिला का टाकलंत?

"रेवा मेली असं लिवलेलं व्हतं ना? मेली तर मेली. हिला कोनी विचारलं व्हतं?"

काशीरामला माहीत म्हणजे सगळ्या गावाला माहीत. वेणूनं नावं विकली नाहीत हे घराघरात माहीत होतं. तिला शिक्षा होती ती नावं लक्षात ठेवल्याबद्दल, आणि मी माझं ओझं इतकी वर्षं उगाचच लपवलं होतं, कारण ते कुणाला पाहिजेच नव्हतं. मला इतका संताप आला की मी उठलो. माझा संताप किती उशिराचा आहे हेही मला कळत होतं.

तेवढ्यात मांडवातला स्पीकर सुरू झाला आणि वेणूआत्या गायला लागली. मी चमकून मागे पाहिलं. ती नव्हती. काशीरामच्या घराचं ते दीपेशनं केलेलं रेकॉर्डिंग होतं. बायकांनी मुसळ उचललं. बाईला बोलावलं नव्हतं आणि तिचा आवाज लावून विधी चालला होता.

मी तिच्या घरी गेलो. चार घरं पलीकडे. ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, साधं घरचं लुगडं, नेसून तयार वगैरे काही नाही. स्पीकर तिथं स्वच्छ ऐकू येत होता. मला बस म्हणाली. पितरांचं कडवं झालं, लेकींचं आलं. पेझारीची कुणी, करंजाड्याची कुणी, मग आवाज मध्येच एक ठेच खाऊन पुढच्या ओळीवर गेला.

"रेवाचं कापलं," आत्या म्हणाली.

मीही ऐकलं होतं. कुणीतरी मोबाइलवर तेवढा तुकडा काढून टाकला होता.

मग मी तिलाही सांगितलं. की मला फसवलं नव्हतं. की खालची ओळ मी लिहिली होती आणि तिचा अर्थ मला ठाऊक होता. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून माझ्याबद्दलची कणव हळूहळू उतरली, आणि मला ते पाहवेना.

"तुमीपन?" ती म्हणाली.

गोदामाकडे जाणारा कंटेनर गल्लीच्या तोंडाशी वळत होता, गाडी मागे घेताना वाजणाऱ्या त्याच्या भोंग्यात गाणं थोडा वेळ बुडालं. तो गेल्यावर आत्या मांडवाच्या दिशेनं बघत म्हणाली, "ही निशा आज नांदाला जाईल. तिच्या भावाच्या लग्नात हिचं कापतील."

मांडवात हळद लावायला सुरुवात झाली असावी, कारण धवला पुन्हा पहिल्यापासून लागला. आम्ही दोघं ऐकत बसलो. ती मला जा म्हणाली नाही आणि बस असंही पुन्हा म्हणाली नाही. लेकींचं कडवं आलं. पेझारी झाली, करंजाडे झालं. ठेच यायच्या जागी आत्यानं तोंड उघडलं आणि बसल्या जागेवरून, मांडवातल्या स्वतःच्याच आवाजाच्या चालीत, तेवढी एक ओळ म्हटली.

"चिरनेरची रेवा, हळदीला ये."

पुढची ओळ स्पीकरनं उचलली. मांडवात कुणाला काही ऐकू गेलं नाही. आत्यानं मग पदर सावरला, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी ओटीवर होतो.